डॉ. के. एस. कृष्णन : पदार्थाच्या घडणीचा ठाव घेणारा शास्त्रज्ञ

दर वर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. सर सी. व्ही. रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, मुलांच्या प्रश्नमंजूषा होतात, भाषणे होतात. वक्ता जाणकार असला तर रामन यांचे सहकारी म्हणून कृष्णन यांचा ओझरता उल्लेख होतो आणि गाडी पुढे जाते. सहकारी ही ओळख खरीच आहे; पण ती फार अपुरी आहे. रामन यांच्यापासून दूर गेल्यावर कृष्णन यांनी पंचवीस-तीस वर्षे स्वतःचे जे काम केले, ते आम्हा रेल्वेच्या माणसांच्या रोजच्या कामाला अगदी जवळचे आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे ठरवले.

आधी एक साधा प्रश्न. हिरा आणि पेन्सिलीतले ग्रॅफाइट, दोन्ही शुद्ध कार्बन. हिरा काच कापतो, वीज वाहू देत नाही. ग्रॅफाइट बोटाला लागते, घसरते आणि वीज छान वाहून नेते. डीसी ट्रॅक्शन मोटरचा कार्बन ब्रश आणि पँटोग्राफवरची कार्बनची पट्टी ही त्याच जातीची. तारेला घासत जायचे, तारेची फार झीज होऊ द्यायची नाही आणि शेकडो अँपिअर करंट आत घ्यायचा, अशी तिची नोकरी! अणू तेच, मग गुणांत इतका फरक का? याचे उत्तर अणूंच्या मांडणीत आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या बंधांत आहे. आज हे शाळेच्या पुस्तकात असते. पण मांडणी डोळ्यांना दिसत नाही. ती मोजून कशी काढायची, हे ज्या मोजक्या लोकांनी जगाला दाखवले, त्यांत कृष्णन यांचे नाव आहे.

वत्रप ते कलकत्ता

करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांचा जन्म ४ डिसेंबर १८९८ रोजी तमिळ प्रदेशातील वत्रप या गावी झाला. आंडाळच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले श्रीविल्लीपुत्तूर तेथून जवळच. वडील शेती करणारे, पण तमिळ आणि संस्कृत ग्रंथांचा गाढा व्यासंग असलेले. घरातला हा वारसा कृष्णन यांनी शेवटपर्यंत जपला. शास्त्रज्ञ म्हणून जगभर नाव झाल्यावरही तमिळ आणि संस्कृत साहित्याची गोडी सुटली नाही.

शाळा गावी आणि श्रीविल्लीपुत्तूरला झाली. पुढे मदुरेचे अमेरिकन कॉलेज आणि नंतर मद्रास ख्रिश्चन कॉलेज. शिक्षण झाल्यावर त्याच कॉलेजात ते रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर झाले. म्हणजे पगार बेताचा आणि काम प्रयोगशाळेतल्या बाटल्या-नळ्यांचे. पण दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक उपक्रम सुरू केला. भौतिक, रसायन, गणित, कुठल्याही विषयातला प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायचा आणि सर्वांनी मिळून त्याचा काथ्याकूट करायचा. हे वर्ग इतके लोकप्रिय झाले की दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही येऊन बसू लागली.

१९२० मध्ये ते कलकत्त्याला गेले. त्या काळी विज्ञानाची ओढ असलेल्या तरुणाला कलकत्त्याखेरीज दुसरी पंढरी नव्हती. १९२३ मध्ये बहूबाजार स्ट्रीटवरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत ते रामन यांच्या हाताखाली रुजू झाले. आपल्यासारखेच घर सोडून परप्रांतात आलेले. भाषा वेगळी, जेवण वेगळे. पण काम हाच त्यांचा गोतावळा झाला.

प्रकाशाने दिलेली खूण

कृष्णन यांचे पहिले काम होते द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास. त्यांनी साठांहून अधिक द्रव तपासले. कामाचा उरक आणि मोजमापातली चिकाटी पाहून रामन यांचा त्यांच्यावर विश्वास बसला. १९२८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोघांनी मिळून प्रयोगांचा धडाका लावला. साधने साधीच होती. सूर्याचा किरण, रंगीत काचा, शुद्ध केलेले द्रव आणि निरीक्षकाचे डोळे. द्रवावर एका रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरलेल्या प्रकाशात थोडा वेगळ्या रंगाचा अंशही सापडतो, हे त्यातून सिद्ध झाले. ३१ मार्च १९२८ च्या नेचर या नियतकालिकात याविषयीचे टिपण रामन आणि कृष्णन या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले.

याचा आपल्या विषयाशी काय संबंध? रेणूतले अणू एकमेकांना जणू स्प्रिंगने जोडलेले असतात. बोगीची स्प्रिंग ताठ असली तर कंपने जलद, मऊ असली तर सावकाश, हे आपल्याला ठाऊक आहे. रेणूचेही तसेच. रासायनिक बंध मजबूत असेल तर कंपने जलद, ढिला असेल तर मंद. शिवाय अणू जड असले तरी कंपने मंदावतात. प्रकाश रेणूवर पडतो तेव्हा त्याच्या ऊर्जेचा काही भाग या कंपनांत खर्च होतो आणि प्रकाशाचा रंग तेवढा सरकतो. रंग किती सरकला हे मोजले की बंध किती ताठ आहे ते कळते. प्रत्येक पदार्थाची ही खूण वेगळी. म्हणूनच आज औषधे, रत्ने, प्लास्टिक ओळखण्यासाठी ही पद्धत सर्रास वापरतात.

१९३० चे नोबेल पारितोषिक रामन यांना मिळाले. परिणामालाही त्यांचेच नाव पडले. त्याआधीच, १९२८ च्या डिसेंबरमध्ये, कृष्णन कलकत्ता सोडून ढाका विद्यापीठात रीडर म्हणून गेले होते. श्रेय किती कोणाचे, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. आपण त्या वादात पडायला नको. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या माणसापुढे खरा प्रश्न होता तो पुढचा : जगाने गाजवलेल्या विषयाच्या सावलीत उरलेले आयुष्य काढायचे, की स्वतःची नवी वाट पाडायची? कृष्णन यांनी दुसरा मार्ग धरला.

धाग्यावर टांगलेला स्फटिक

ढाक्याला भौतिकशास्त्र विभागात सत्येंद्रनाथ बोस होते. तेथे कृष्णन यांनी स्फटिकांचे चुंबकीय गुण मोजायला घेतले. लोखंड चुंबकाकडे झेपावते हे पोरालाही कळते. पण मीठ, डांबरगोळी, साखर यांवरही चुंबकाचा परिणाम होतो. तो इतका क्षीण असतो की एरवी जाणवत नाही. त्यातही गंमत अशी की स्फटिकाच्या वेगवेगळ्या दिशांना हा परिणाम वेगवेगळा असतो.

दिशेचा हा मुद्दा लाकडावरून चटकन कळेल. लाकडी स्लीपरचा तुकडा रेषेने फोडला तर कुऱ्हाडीच्या दोन घावांत उकलतो; आडवा कापायचा तर करवत घेऊन घाम गाळावा लागतो. कारण आतले तंतू एका दिशेने मांडलेले आहेत. म्हणजे दिशेप्रमाणे गुण बदलत असतील तर आत काहीतरी शिस्तबद्ध मांडणी आहे, आणि तो बदल नेमका मोजला तर मांडणीचा माग काढता येईल. कृष्णन यांच्या सगळ्या कामाचे सार या एका वाक्यात आहे.

त्यांची मोजण्याची पद्धत मोठी सुबक होती. काही मिलिग्रॅम वजनाचा स्फटिक क्वार्ट्झच्या केसाहून बारीक धाग्याला टांगायचा आणि दोन चुंबकध्रुवांच्या मध्ये, सर्वत्र सारख्या असलेल्या क्षेत्रात सोडायचा. स्फटिक आपोआप वळून आपल्या सोयीच्या दिशेला स्थिर होतो. मग धाग्याचे वरचे टोक हळूहळू पिळायचे. स्फटिक थोडा वळतो, पण चुंबक त्याला मागे खेचत राहतो. स्फटिक मूळ जागेपासून ४५ अंश वळला की चुंबकाचा टॉर्क कमाल मर्यादा गाठतो. धागा आणखी जरा पिळला की चुंबकाची पकड सुटते आणि स्फटिक गर्रकन फिरतो. त्या क्षणी वरचे टोक किती अंश पिळले होते ते वाचायचे. धाग्याचा ताठपणा माहीत असला की स्फटिकाच्या दोन दिशांमधला चुंबकीय फरक गणिताने निघतो. महागडी यंत्रसामग्री नाही, परदेशी उपकरण नाही. पण आकडे असे की जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेने विश्वासाने वापरावेत.

डांबरगोळीचे रहस्य

१९३३ मध्ये कृष्णन महेंद्रलाल सरकार प्राध्यापक म्हणून कलकत्त्याच्या आपल्या जुन्या संस्थेत परतले. तेथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक स्फटिक धाग्यावर चढवले. त्यांतला आपल्या ओळखीचा म्हणजे नॅफ्थलीन. कपाटात ठेवतो ती डांबरगोळी यापासून बनवतात.

नॅफ्थलीनच्या रेणूत कार्बनची दोन षटकोनी कडी शेजारी शेजारी जोडलेली असतात. रेणू पत्त्याच्या पानासारखा सपाट. कड्यातले काही इलेक्ट्रॉन एका अणूला बांधलेले नसतात, ते कडीभर फिरू शकतात. चुंबकीय क्षेत्र पानाच्या सपाट तोंडावर उभे पडले की हे इलेक्ट्रॉन कडीत गोल फिरून त्या क्षेत्राला विरोध करतात. धातूच्या तबकडीत एडी करंट निर्माण होतो, साधारण तसाच हा प्रकार. क्षेत्र पानाच्या समांतर असेल तर फिरायला वाट नाही, म्हणून विरोधही फार कमी. तेव्हा स्फटिक कोणत्या दिशेने किती विरोध करतो हे मोजले की आतली पाने कोणत्या कोनात कलली आहेत, हे स्फटिक न फोडता कळते! क्ष-किरणांनी रचना शोधणाऱ्यांना या माहितीचा मोठा आधार झाला. कारण त्या काळी क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून रचना काढणे म्हणजे महिनोन्‌महिने आकडेमोड. पानांचा कल आधी ठाऊक असला की निम्मी वाट सरली.

बेंझीनचे कडे सपाट असते हे १९२९ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून देणाऱ्या इंग्लंडमधील कॅथलीन लॉन्सडेल यांनी कृष्णन यांच्यासह १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. स्फटिकाचे चुंबकीय गुण आणि रेणूंची रचना यांचे नाते, हाच त्याचा विषय. एक लंडनमध्ये, एक कलकत्त्यात. दोघांची साधने वेगळी आणि उत्तरे एकमेकांना पूरक.

आता डांबरगोळी कपाटात हळूहळू नाहीशी का होते, याचेही उत्तर मिळते. रेणूच्या आतले बंध पक्के आहेत, पण एका पानाचे दुसऱ्या पानाशी असलेले आकर्षण फार दुबळे. म्हणून नॅफ्थलीन ८० अंश सेल्सिअसलाच वितळते आणि साध्या हवेतही सुटे रेणू उडून जातात. आपल्या नाकाला येतो तो वास त्या अख्ख्या रेणूंचा. उलट मिठात प्रत्येक आयन चहूबाजूंच्या विरुद्ध भाराच्या आयनांनी घट्ट धरलेला. म्हणून मीठ वितळायला ८०१ अंश लागतात आणि मिठाला वास नाही.

ग्रॅफाइट आणि आमचा कार्बन ब्रश

याच काळात कृष्णन ग्रॅफाइटकडे वळले. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांना चारही हातांनी धरून असतो. चारही इलेक्ट्रॉन बंधांत गुंतलेले, मोकळा कोणी नाही. म्हणून हिरा कठीण आणि विजेला बंद. ग्रॅफाइटमध्ये अणूने तीन हातांनी एकाच थरातले तीन शेजारी धरलेले असतात. चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा. थरातल्या दोन शेजारी अणूंतले अंतर १.४२ अँगस्ट्रॉम, पण दोन थरांमधले ३.३५ अँगस्ट्रॉम. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) थर आतून पोलादासारखा पक्का, पण दोन थरांमधली पकड सैल.

कृष्णन यांनी ग्रॅफाइटचे स्फटिक मोजले तेव्हा थरांच्या काटकोनातला चुंबकीय विरोध थरांच्या समांतर दिशेपेक्षा सुमारे चाळीस पट भरला. त्यांचे विद्यार्थी गांगुली यांच्यासह केलेल्या मोजणीत विजेचेही तसेच दिसले. थराच्या दिशेने वीज सहज वाहते, थर ओलांडून जायला मात्र हजारो पट अडथळा. यावरून मोकळे इलेक्ट्रॉन जणू एकेका थरापुरतेच कोंडलेले आहेत, असे चित्र उभे राहिले. गांगुली आणि कृष्णन यांचा यावरील सविस्तर निबंध १९४१ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. पुढे २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटचा एकच थर सुटा करून दाखवला, त्याला ग्रॅफीन म्हणतात. त्याबद्दल त्यांना २०१० चे नोबेल मिळाले. थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचा हा अभ्यास कलकत्त्यात त्याआधी साठ-सत्तर वर्षे सुरू झाला होता, हे आपण विसरू नये.

शेडमधल्या मित्रांसाठी एक गोष्ट सांगतो. ब्रशमध्ये ग्रॅफाइटचे असंख्य बारीक कण वेगवेगळ्या दिशांनी दाबलेले असतात, त्यामुळे करंट वाट काढतोच. आणि घसरणे ही केवळ थरांची करामत नाही, हवेतली आर्द्रताही लागते. दुसऱ्या महायुद्धात विमाने फार उंचावर जाऊ लागली तेव्हा तेथील कोरड्या, विरळ हवेत जनरेटरचे ब्रश पाहता पाहता झिजून भुकटी होऊ लागले. पाण्याची वाफ थरांच्या उघड्या पृष्ठभागाला चिकटते आणि त्यांची एकमेकांवरची पकड कमी करते. तीच नाहीशी झाली की घर्षण एकदम वाढते. म्हणजे रचनेइतकाच भोवतालही महत्त्वाचा.

मोरचुदाचा निळा रंग

भोवतालचे महत्त्व कृष्णन यांनी मोरचुदावरही दाखवले. द्राक्षबागेतल्या बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याला चांगला परिचित. निळाशार मोरचूद तापवला की पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तांबे तेच, पण शेजारचे पाणी गेले आणि रंग गेला! स्फटिकात तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती सहा ऑक्सिजन असतात. पाण्याचे चार जवळ, सल्फेटचे दोन जरा लांब. कृष्णन आणि त्यांचे सहकारी मुखर्जी यांनी १९३६ ते १९३८ च्या सुमारास या स्फटिकाचे दिशावार चुंबकीय मोजमाप करून ते या मांडणीशी ताडून पाहिले. आयनाचा स्वभाव त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरतो, ही आज रसायनशास्त्रात रुळलेली गोष्ट. तिला पक्का प्रायोगिक आधार देणाऱ्यांत हे काम मोडते.

१९३७ मध्ये कृष्णन युरोपात गेले. केंब्रिजची कॅव्हेंडिश लॅबोरेटरी आणि लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन येथे त्यांची व्याख्याने झाली. १९४० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो निवडले गेले. तोपर्यंत त्यांचे नाव स्वतःच्या कामावर उभे राहिले होते.

अलाहाबाद आणि दिल्ली

१९४२ मध्ये ते अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे भाटिया या सहकाऱ्यासह त्यांनी वितळलेल्या धातूंचा प्रश्न हाती घेतला. धातू वितळला की त्याचा विद्युतरोध एकदम वाढतो, अनेक धातूंत सुमारे दुपटीने. अणू तेच, इलेक्ट्रॉन तेवढेच. मग अडथळा कशाचा? रांगेतली शिस्त मोडल्याचा! प्लॅटफॉर्मवर माणसे रांगेत उभी असतील तर हमाल सामान घेऊन सरळ निघून जातो. गर्दी विस्कटली की पदोपदी धक्के. वितळलेल्या धातूत अणूंची मांडणी किती विस्कटलेली आहे हे क्ष-किरणांवरून कळते, त्यावरून रोधाचा हिशेब करता येतो, असे त्यांनी दाखवले.

१९४६ मध्ये सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. ४ जानेवारी १९४७ रोजी दिल्लीत नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीची कोनशिला बसली आणि कृष्णन तिचे पहिले संचालक झाले. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. देशातील वजने-मापे, वीज, तापमान यांची प्रमाणे सांभाळणारी ही संस्था. आपल्या वर्कशॉपमधील गेज आणि मीटर ज्या प्रमाणांशी ताडून पाहतात, त्यांची साखळी शेवटी तेथेच पोहोचते. आयुष्यभर अचूक मोजणाऱ्या माणसाच्या हाती ती सुरुवातीलाच लागली, हे देशाचे भाग्य. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, त्याच्या पहिल्या तीन सदस्यांत होमी भाभा आणि शांतिस्वरूप भटनागर यांच्याबरोबर कृष्णनही होते.

संचालक झाल्यावर बहुतेकांचे हात फायलींत अडकतात. कृष्णन यांनी मात्र संशोधन सोडले नाही. तापलेल्या धातूंतून आणि ग्रॅफाइटमधून इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात, तापलेल्या तारेच्या लांबीवर तापमान कसे बदलत जाते, असे प्रश्न ते तरुण सहकाऱ्यांसह सोडवत राहिले. १९५४ मध्ये पद्मभूषण आणि १९५८ मध्ये भटनागर पारितोषिकाचा पहिला मान त्यांना मिळाला. जून १९६१ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे?

मित्रहो, कृष्णन यांच्या चरित्रात नाट्यमय प्रसंग फारसे नाहीत. मोठ्या शोधात वाटा, मग एका साध्या धाग्यावर वर्षानुवर्षे टांगलेले स्फटिक, मग संस्था उभारणी. एवढेच. पण तमिळ प्रदेशातल्या गावातून निघून कलकत्ता, ढाका, अलाहाबाद, दिल्ली असे मुक्काम बदलत हा माणूस जेथे गेला तेथे माणसे तयार करत गेला. त्यांच्या निबंधांवर बॅनर्जी, गुहा, गांगुली, मुखर्जी, भाटिया, जैन अशी नावे त्यांच्या शेजारी दिसतात. तरुणपणी आपण कोणाचे तरी सहकारी म्हणून ओळखले गेलो, याचा कडवटपणा मनात धरण्याऐवजी त्यांनी पुढच्या पिढीला आपल्या नावाशेजारी जागा दिली.

नोकरीनिमित्त गाव सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना हे विशेष जवळचे वाटावे. कार्बनचा अणू एकटा असताना हिराही नसतो आणि ग्रॅफाइटही नसते. तो कोणाला किती हातांनी धरतो त्यावर सारे ठरते. आपले मंडळही असेच एकमेकांना धरून वर्षानुवर्षे उभे आहे. पुढच्या विज्ञान दिनाला रामन यांच्याबरोबर कृष्णन यांचेही नाव घ्या, आणि मुलांना डांबरगोळी, मोरचूद व पेन्सिल यांची गोष्ट सांगा. त्यांना ती नक्की आवडेल.

डॉ. कृष्णन यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

गणपती बाप्पा मोरया!